सावरीचा चेंडू आणि मनकर्णाचा खांदा

मित्रांनो, आधी मला एका पायानं दाबून धरा, नाही तर बोलता बोलता मी उतारानं निघून जाईन. मी एक जुना, सावरीच्या लाकडाचा चेंडू आहे. स्वस्थ बसणं माझ्या रक्तात नाही. रक्तच नाही म्हणा. आत हलकं लाकूड आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.

माझा जन्म पंच्याऐंशी सालचा, कुरखेड्याजवळच्या एका गावातला. झाडू नावाच्या सुतारानं वाकसानं तासून दोन चेंडू घडवले. एक खैराच्या गाभ्याचा, हातात घेतला की मनगट खाली जावं असा. दुसरा मी. मी इतका हलका, की सुतार शिंकला आणि मी थेट वडशाला पोचलो. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून परत आलो. खोटं वाटत असेल तर फाटकाला विचारा.

चेंडू हवा होता मनकर्णाला. पोरगी अकरा वर्षांची, हात काडीसारखे, पण नेम असा की सांगाल ती कोंबडी उडवायची. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या सकाळी, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत दोन गावांच्या पोरांचा चेंडू-फळीचा सामना व्हायचा. ज्यानं त्यानं आपापलाच चेंडू टाकायचा, ही तिथली रीत. त्या वर्षी मनकर्णाला गावाकडून पहिल्यांदाच खेळायला घेतलं होतं. त्या एका सकाळसाठी ती जेवणही उभ्यानं करायची.

तिचा बाप दसरू पक्का धानवाला. त्यानं घंगाळात मिठाचं पाणी केलं आणि बी निवडावं तसं आम्हा दोघांना त्यात सोडलं.

"बुडते थो भरला, तरंगते थो पोचट," तो म्हणाला.

खैर तळाशी गेला. मी टुणकन वर! झालं, माझी रवानगी शेणखताच्या खड्ड्यात. तिथं एका अस्वलानं मला मोहाचा लाडू समजून चावलं आणि ट्यूबची चव लागताच माफी मागून निघून गेलं.

पण मित्रांनो, माझं सगळं लक्ष अंगणात. मनकर्णा खैराचा चेंडू टाकायची, तो अर्ध्यातच धप्पकन पडायचा. कोपर वाकायला लागलं, नेम गेला. मी तिकडं गडगडायला धडपडायचो आणि शेणात आणखी रुतायचो. एका सकाळी ती आईला म्हणाली, "माय, वेणी तूच घाल. हात वर जाऊन नाई राह्यला."

गिरजाबाईनं पोरीचा खांदा पाहिला. सुजला होता. ती तशीच गोठ्यात दसरूकडे गेली.

"अजी, गोऱ्ह्याले पयल्याच दिवशी चिखलात नांगराले जुपलं होतं का तुमी?"

"काऊन जुपू? खांदा सुजन ना त्याचा!"

"मंग पोरीचा खांदा काय बाभळीचा होय?"

दसरू घुटमळला. "पण थो दुसरा तरंगते ना वं!"

"तिले का तळ्यात टाकाचा आहे थो?"

दसरूनं स्वतः खड्ड्यात हात घालून मला काढलं, धुतलं. पण सूज उतरेपर्यंत गिरजाबाईनं पोरीला चेंडूला हात लावू दिला नाही. मंडई जवळ येत होती. मनकर्णा मला उशाशी घेऊन तळमळायची आणि मी तिच्याहून जास्त.

सामन्याच्या सकाळी समोर दुसऱ्या गावचा दांडगा डोमा फळी घेऊन उभा. मला पाहून तो खिदळला, "चेंडू होय का भोपळा?" पहिला चेंडू त्यानं असा मारला की मी धुऱ्यापार, शेताच्या बांधाबाहेर.

"खैराचा देऊ का?" दसरू काठावरून ओरडला.

"नाई बाबा, हाच."

या खेपेस तिचा हात कानाजवळून सरळ वर गेला. मी हवेत रेंगाळलो, वाऱ्यानं जरासा वळलो. डोमाची फळी केव्हाच फिरून गेली होती. मी मागाहून आलो आणि तिन्ही काड्या उडवल्या. लोक एकच काडी म्हणतात. लोकांना मोजता येत नाही.

पुढं मनकर्णाचा हात भरला. ती जरा जड, मग आणखी जड चेंडू टाकू लागली आणि मी घरात भिंतीवरच्या फळीवर जाऊन बसलो. लोक येता-जाता "हाच थो चेंडू" म्हणून माझं कौतुक करतात. कौतुकानं धूळ झटकली जात नाही, मित्रांनो. वाढत्या हाताला त्याच्या मापाचं द्या, आणि हात मोठा झाला की आम्हाला देवासारखं मांडून ठेवू नका. पुढच्या लहान हातात द्या.

पलीकडच्या घरात एक पोर रोज भिंतीवर बटाटे फेकून सराव करतं. त्याच्या आईचे बटाटे संपण्याआधी कुणी तरी त्याला सांगा ना, मी इथं आहे म्हणून.