'तळ्याकाठ'चा नमुना अंक

खुशाल सरांना दोन गोष्टींचा तिटकारा होता: उशिरा वर्गात शिरणारी मुलं आणि वाचक नसलेलं वर्तमानपत्र. पहिलीवर ते ओरडून मोकळे व्हायचे. दुसरीवर त्यांनी प्रोजेक्टच बेतला.

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात पत्रकारितेचा वर्ग नुकताच निघाला होता. कॉम्प्युटर कमी आणि त्यांच्यावर टाकायची प्लास्टिकची कव्हरं जास्त, असा तो काळ. सर म्हणाले, "दोघादोघांनी मिळून आपल्या भागाचं चार पानी वर्तमानपत्र काढा. त्याचीच वेबसाइट करा. पण छापलं म्हणजे झालं, असं समजू नका. गावात कोणी वाचलं याचा पुरावा पाहिजे. नाही तर तो पेपर नाही, रद्दी. आणि रद्दीला मी मार्क देत नाही, काट्यावर टाकतो."

रुपालीच्या वाट्याला मूल गावचा प्रफुल आला. रुपाली सावली गावाजवळच्या चिंचटोल्याची, तळ्यावर जगणाऱ्या घरची. तिचे बाबा इस्तारीभाऊ हे गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्षपद हे असं होतं की बाहेर खुर्चीवर बसायला मान आणि घरी आल्यावर इंदिराबाईंच्या म्हणजे बायकोच्या हुकमाने जाळी शिवायची. प्रफुल राइस मिलच्या मुनीमजीचा मुलगा. त्याचा जीव वेबसाइटीत. पानावर काही हललं नाही, चमकलं नाही तर त्याला पान मेल्यासारखं वाटे. त्याने वर पळती अक्षरं लावली, कोपऱ्यात लुकलुकता तारा लावला आणि तळाशी किती लोक येऊन गेले ते मोजणारा काउंटर लावला. आठवडाभर काउंटर जो हलला तो प्रफुलनेच पुन्हा पुन्हा साइट उघडल्यामुळे.

पेपरचं नाव रुपालीने ठरवलं: 'तळ्याकाठ'. नावाखाली वेबसाइटचा पत्ता प्रफुलने टाकला. नाव झालं, बातम्या नव्हत्या. सर म्हणाले, "आधी नमुना काढा. मजकूर काहीही भरा, पान कसं दिसतं ते महत्त्वाचं."

आता काहीही भरा म्हटल्यावर माणूस काय भरतो, यावरून त्याचं पोट कळतं. प्रफुलने धानाच्या भावाचा एकच परिच्छेद चार वेळा चिकटवून दुसरं पान भरलं. रुपालीने मात्र पहिल्या पानासाठी बसून डोकं चालवलं. मोठ्या टायपात काय शोभेल? तिला एकच गोष्ट सुचली.

चिंचटोल्याच्या तळ्याचा नियम जुना होता. आधी सोसायटीने आपली मासोळी काढायची. मग मृगाच्या तोंडावर एक दिवस तळं सगळ्यांना मोकळं. त्या दिवशी आसपासची गावं जाळी, टोपल्या, जुन्या मच्छरदाण्या, जे हाती लागेल ते घेऊन पाण्यात उतरायची आणि ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं. रुपालीने आठ कॉलमी मथळा टाकला: 'येत्या रविवारी चिंचटोल्याचे तळे मोकळे'. खाली दोन रंगतदार परिच्छेद. दिवस एप्रिलचे होते. सोसायटीचं स्वतःचं जाळं अजून पाण्यात पडायचं होतं. पण मथळा पानावर असा बसला, जशी नवी सून घरात पहिल्याच दिवशी रुळावी. प्रफुलनेही तोच उचलून वेबसाइटवर पळता केला.

मूलच्या डीटीपीवाल्याकडून नमुन्याच्या चार प्रती निघाल्या. बुधवारी रुपाली त्या घेऊन गावी गेली. आईला दाखवल्या. आई म्हणाली, "कागद चांगला जाड हाय." बाबांना दाखवल्या. बाबांनी हात धुतले, कोरडे केले आणि पेपर हातात घेतला. पहिल्या पानाच्या अगदी तळाशी बारीक टायपात 'संपादक: रुपाली इस्तारी' असं होतं. तिथे बोट ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. गुरुवारी पहाटेच्या गाडीने ती तीन प्रती घेऊन चंद्रपूरला परतली. एक बाबांनी मागून ठेवली.

इथेच घोळ झाला. आपल्या झाडीपट्टीच्या मुलखात छापलेला कागद घरात ठेवत नाहीत. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे, दिवस आले की नाटकांची पत्रकं चहाच्या टपऱ्यांवर चिकटतात, आणि ज्याच्या घरचं पोर त्या नाटकात आहे तो दोन जास्त चिकटवतो. इस्तारीभाऊंनी तेच केलं. इंदिराबाईंकडून भाताची खळ करून घेतली, बायनाबाईच्या टपरीच्या दर्शनी फळीवर 'तळ्याकाठ' चिकटवला आणि बाजूला उभे राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला तळाची बारीक ओळ दाखवत राहिले.

"हे पाहा, संपादक. आमची रुपाली."

येणारा-जाणारा मात्र वरची मोठी ओळ वाचत होता. आणि सोसायटीच्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने खळ लावलेल्या कागदावर अविश्वास दाखवायचं कारण कोणालाही नव्हतं. बायनाबाईने ती बातमी चहाबरोबर वाटली. एसटीच्या कंडक्टरने ती सावलीला पोचवली. सावलीतून ती आपल्या पायाने चालती झाली.

शनिवारी दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये प्रफुलने आरोळी ठोकली, "अबे रुपाली, काउंटर पळून राह्यला! मी हात पण नाई लावला!"

वेबसाइटवर त्याने 'आपला अभिप्राय' म्हणून एक पान केलं होतं. इतके दिवस त्यावर त्याच्या मावसभावाचा 'मस्त' एवढाच अभिप्राय होता. आता तिथे गर्दी होती. कोणी विचारत होतं, 'जाळे आणावे की गाव देईल?' कोणी लिहिलं होतं, 'आम्ही मूलवरून दोन गाड्या येतो, झाडाखालची जागा राखून ठेवणे.' गडचिरोलीच्या एका नोकरदाराने तर मासे मोठे आहेत का, अशी चौकशी केली होती. लहान असतील तर तो घरीच झोपणार होता.

रुपालीने एकेक अभिप्राय वाचून काढला. "प्रफुल, ती बातमी खोटी हाय ना रे. पान भराले टाकली होती मी."

"मंग?" प्रफुल म्हणाला. "वाचक तं खरे हायत!"

मागे खुशाल सर उभे होते. त्यांनी फक्त अभिप्राय वाचले होते. त्यांचा चेहरा असा फुलला की रुपालीला त्यांच्याकडे बघवेना. "वा! याला म्हणतात वाचकवर्ग! नागपूरच्या परीक्षक मॅडम आजच आल्या आहेत. उद्या त्यांना घेऊन थेट चिंचटोल्यालाच येतो. प्रत्यक्ष दाखवू. आणखी काय पुरावा पाहिजे?"

सांगावं की नाही? सांगितलं तर वाचक खरे असूनही पेपर खोटा ठरणार. नाही सांगितलं तर बाबांच्या सोसायटीने पावसाळ्यात सोडलेली मासोळी उद्या मच्छरदाणीत जाणार. रुपालीने तोंड उघडलं, तेवढ्यात सर फोन करायला निघूनही गेले. तिने पिशवी उचलली आणि गावची गाडी धरली.

दिवस मावळायच्या आत ती टपरीवर पोचली. फळीवर खळीचे डाग होते, पेपर नव्हता. "वरच्या टोल्याचे पोट्टे घेऊन गेले," बायनाबाई म्हणाली, "लोकाईले दाखवाले. तुह्या पेपरले मोठी मागणी हाय, बाई!"

रुपाली कोतवाल पत्रूकडे धावली. गावात काहीही सांगायचं तर पत्रू डफडं वाजवून दवंडी देई, आणि पत्रूने सांगितलेलं आजवर कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. पत्रू खाटेवर बसून स्वतःचं जाळं झटकत होता.

"पत्रूभाऊ, उद्या तळं मोकळं नाई. दवंडी द्या ना."

"काऊन? पेपरात तं हाय."

"तो पेपर मीच लिहिला."

"मंग तं पक्कंच झालं," पत्रू म्हणाला. "हे पाय बाई, अध्यक्षानं सोता चिकटवला. आता मी उलटी दवंडी देऊ? माहं डफडं का खोटं पाडतं?"

घरी बाबा अंगणात बसले होते. तिने सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी तं नुसतं तुहं नाव वाचलो, माय."

रुपालीला रागवायचं होतं. ते जमलं नाही.

"जेव आता," आतून आई म्हणाली. "एकानं लिहिलं, एकानं चिकटवलं. दोघाईनं मिळून उद्या पाळीवर उभे राहा."

रविवारी उन्हं वर यायच्या आत तळ्याची पाळ, म्हणजे बांध, माणसांनी भरली. सायकली, बैलगाड्या, मूलच्या त्या दोन गाड्या. शेजारच्या गावचा मुखरू सासुरवाडीची आख्खी फौज घेऊन आला होता आणि सासऱ्याला मासोळी दाखवल्यासारखा पाण्याकडे बोट दाखवत होता. आशाबाई नावाची एक म्हातारी टोपलीत मासोळीला जागा करूनच आली होती. तेवढ्यात जीपमधून खुशाल सर उतरले, मागून परीक्षक मॅडम. सरांनी गर्दीवरून हात असा फिरवला जणू ती त्यांनीच पेरली होती.

"बघा मॅडम! एका नमुना अंकावर!"

रुपालीने पत्रूच्या हातातलं डफडं जवळजवळ ओढून घेतलं. पत्रूला ते सहन झालं नाही. वाजवायचंच तर तो वाजवेल. त्याने चार थापा टाकल्या. पाळ गप्प झाली.

"मी रुपाली," ती म्हणाली आणि आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, "मी 'तळ्याकाठ'ची संपादक. तळं आज मोकळं नाई. ते मी पान भराले लिहिलं होतं. बातमी खोटी हाय. चूक माही हाय."

सरांचा हात हवेतच राहिला.

"म्हंजे?" मुखरू ओरडला. "मी सासऱ्याले मुक्कामाले ठेवलो ना बाई! त्याले आता काय खाऊ घालू, पेपर?"

"मोठ्या टायपात छापलं होतं!" कोणी म्हणालं.

"बारीक छापाले पाहिजे होतं का मंग?" दुसऱ्याने विचारलं, आणि लोक हसले. हसल्यावर माणूस पटकन भांडत नाही, हे इस्तारीभाऊंना सोसायटीच्या सभांमधून चांगलं ठाऊक होतं. ते पुढे झाले.

"चूक पोरीची अर्धी, अर्धी माही. मी चिकटवलो." मग त्यांनी तळ्याकडे पाहिलं. कडेने बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं. ते काढायचा ठराव सोसायटी दरसाल एकमताने करायची आणि दरसाल एकमताने विसरायची. इतके हात एकाच वेळी पाळीवर आजवर आले नव्हते. "आता आलेच हायत तं एक काम करू. हे बेशरम काढून टाकू सारे. सोसायटी एक जाळं ओढते आणि सगळ्याईच्या जेवणाचं पाहते. मुखरूभाऊच्या सासऱ्याले मासोळीचं मानाचं डोकं वाढू."

कुरकूर झाली. कुरकुरतच पहिला उतरला तो मुखरू, कारण सासरा बघत होता. मग बाकीचे. विळे गावातून आले. आशाबाई टोपलीत मासोळीऐवजी बेशरमाच्या फांद्या वाहू लागली आणि पाळीवर उभ्या असलेल्या सरांना म्हणाली, "ओ मास्तर, तुमचे हात घरी ठेवून आले का?" सरांनी पँटचे पाय दुमडले. कैरी घालून केलेला रस्सा शिजेस्तोवर तळ्याची एक बाजू मोकळी झाली होती.

जेवताना मॅडमनी रुपालीला जवळ बोलावलं. "दुरुस्ती छापशील ना? कोणत्या पानावर?"

"आतल्या पानावर देऊ, मॅडम, चौकटीत," सर घाईने म्हणाले.

"पहिल्या पानावर," रुपाली म्हणाली. "त्याच जागी, त्याच टायपात. चूक तिथंच झाली ना."

मॅडमनी मान हलवली, वहीत काही लिहिलं आणि आणखी रस्सा मागितला. मार्क नंतर कळले. सरांनी पेपर काट्यावर टाकला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

पहिला खरा अंक निघाला. मथळा होता: 'चिंचटोल्याचे तळे मोकळे नव्हते'. खाली चूक कशी झाली, ती साध्या शब्दांत. पण अंक बाहेर पडण्याआधीच गावोगावचे निरोप आले: बेशरम आम्ही काढलं, आमचं नाव पाहिजे. लग्नपत्रिकेत नाव राहिलं तर इथे दोन पिढ्या बोलत नाहीत. रुपालीने शेवटचं पान नावांना दिलं. मुखरूच्या सासऱ्याचं नाव चुकून आधी आणि मुखरूचं नंतर आलं, तरी मुखरूने तो अंक घडी करून कपाटात ठेवला. सासऱ्याला दाखवायला. प्रफुलने लुकलुकता तारा काढला, काउंटर राहू दिला.

मृगाच्या आधी सोसायटीची मासोळी निघाली आणि इस्तारीभाऊ लेकीकडे आले. "येत्या रविवारी तळं मोकळं. छाप."

"खरं ना, बाबा?"

"सभेत ठरलं. पत्रूले विचार."

पत्रूने आधी तिलाच विचारलं. "पेपरात येते का? मंगच दवंडी देतो."

अंक आला तेव्हा तिने तो बाबांच्या हातात दिला, पण खळीची वाटी आपल्याकडे धरून ठेवली. "आधी वाचा. मोठ्यानं. वरून."

इस्तारीभाऊंनी बोट मथळ्यावर ठेवलं आणि ओळ न सोडता खाली आले. तळाशी पोचल्यावर बोट थांबलं.

"हेही वाचू?"

"वाचा," रुपाली म्हणाली आणि वाटी दिली.

रविवारी लोक येतील की नाही, याची तिला धास्ती होती. एकदा खोटी ठरलेली ओळ दुसऱ्यांदा कोण मानतो? ती पहाटेच पाळीवर जाऊन बसली. आधी धूळ दिसली, मग सायकली. सगळ्यात पुढे मुखरू. खांद्यावर जाळं होतं. कमरेला विळाही खोचलेला होता.

"पेपरवर इस्वास हाय, बाई," तो म्हणाला, "पण असू दे संगं."

मागून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने विळा आणला होता.