दोन जावांचं अंथरूण

आमच्या घरात झोप खालून वर येते. खाली लॉन्ड्री, वर आम्ही. गरम पाण्याची वाफ दिवसभर जिना चढते आणि दुपारी दोनच्या सुमाराला माणसाच्या पापण्यांवर येऊन बसते. चाळीस वर्षं मी त्या वाफेशी भांडले. हात पाण्यात, डोळे उघडे. पडायला वेळ नव्हता. डुलकी घ्यायची ती उभ्याउभ्या, इस्त्रीच्या टेबलाला टेकून, आणि तीही एक डोळा दुकानाच्या दारावर ठेवून.

म्हणून नात जेव्हा पिंजरा घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ह्या डोळे उघडे ठेवून झोपतात," तेव्हा मी म्हटलं, "मग आपल्यातल्याच आहेत. येऊ दे आत."

त्यांना गिनी पिग म्हणतात. डुक्कर म्हणावं तर नाक तसं नाही, उंदीर म्हणावं तर शेपूट नाही. शेजारचं बिऱ्हाड बदली होऊन गेलं आणि जाताना ह्या दोघींना नातीच्या ओटीत टाकून गेलं. एक तपकिरी, गुबगुबीत, आब राखून चालणारी. दुसरी काळीपांढरी, लुकडी, सदा पहिलीच्या मागे आणि सदा पहिलीच्या गवतात तोंड. एकमेकींवाचून करमत नाही, एकत्र पटत नाही. मी त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायला लागले. नातीनं ठेवलेली नावं आठ दिवसांत सगळे विसरले, नातसुद्धा.

सुनेनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "एक महिना. वास आला, काम वाढलं, नाहीतर त्यांचं काही दुखलंखुपलं, तर दोघी पाळीव प्राण्यांच्या दुकानात जातील. खाली मी लोकांच्या चादरी धुते, वर लेंड्या काढत बसणार नाही."

नात नऊ वर्षांची. बोलते कमी, मान हलवते जास्त. तिनं मान हलवली.

लॉन्ड्री आता सून चालवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या बोटांचे सांधे धरले, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता तुम्ही बसा." मी बसले. कपडे वाळवायच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले. कोण कुठे चुकतं ते तिथून छान दिसतं.

आधी पिंजऱ्यात काय अंथरायचं त्याचा घोळ झाला. नातीनं रद्दीचे कागद घातले. तासाभरात लगदा झाला आणि धाकटीच्या पोटाला बातम्या चिकटल्या. मग मी समोरच्या सुताराकडून रंध्याखालचा भुसा आणवला. काय त्याचा वास! जंगलात झोपल्यासारखं वाटलं मला. पण धाकटी जाऊ शिंकायला लागली ती थांबेना. पिंजरा उचलून प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे नेला. पोरगी तरुण, पण हात शांत. तिनं भुसा चिमटीत धरून हुंगला.

"आजी, वास छान आहे, तोच नडतो. कच्च्या लाकडाचा वास आणि बारीक धूळ ह्यांच्या छातीत बसते."

"मग मांजराची वाळू घालू?"

"अजिबात नको. ह्या सगळ्याला तोंड लावतात. वाळू पोटात जाऊन फुगली तर जीव जाईल."

"नुसतं गवत?"

"गवत खायला, भरपूर. अंथरायला तेवढ्यानं भागत नाही, खाली ओल साठते. कागदाच्या लगद्याचा भुसा मिळतो तो चांगला, पण पोत्यावर पोती लागतील. कमी कटकट हवी असेल तर फ्लीसचं कापड घ्या, हलक्या मऊ ब्लँकेटांचं असतं ते. खाली पाणी शोषणारं जाड कापड, वर फ्लीस. ओल वरून खाली उतरते, पाय कोरडे राहतात. कडा मात्र शिवून घ्या. धागा सुटला तर बोटाला आवळतो. रोज लेंड्या झाडायच्या, तीन दिवसांनी कापड बदलायचं. आणि धुताना एक लक्षात ठेवा, आजी..."

मी हात वर केला. "बाळ, तू औषधाचं सांग. धुण्यातलं मला सांगू नकोस. मासळीला पोहणं शिकवायचं नसतं."

ती हसली आणि गप्प बसली. तिनं बोलायला हवं होतं. पण तोंड मीच बंद केलं होतं, तिला काय बोल लावू?

आम्ही चार फ्लीस कापून घेतली, कडा मी मशीनवर दुमडून मारल्या. खाली घालायला लॉन्ड्रीतले जुने टॉवेल. रोज सकाळी शाळेच्या आधी नात लहान झाडूनं लेंड्या गोळा करायची. दर तिसऱ्या दिवशी कापडं कोपऱ्यातल्या लहान मशीनमध्ये टाकून शाळेला पळायची. मशीन थांबलं की मी दार उघडून कापड चाचपून बघायची. माझ्या बोटांना ते राठ लागायचं.

आता गुलाबी पाण्याची गोष्ट सांगते. कपडे मऊ करायचं आणि वासाचं असं ते पाणी, कॅनमधून येतं. आमच्या लॉन्ड्रीचं नाव त्याच्यावर झालं. आमची चादर गालाला लावली की माणूस विरघळायचा. शेवटच्या पाण्यात एक झाकण. हे माझ्या सासूनं मला शिकवलं, मी सुनेला. आणि गेल्या वर्षी सुनेनं टॉवेलांना ते घालायचं बंद केलं. का, तर सलूनवाला म्हणाला, "टॉवेल मऊ आहेत हो, पण पुसत नाहीत. मानेवरचं पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतात." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ह्याला पुसता येत नाही, टॉवेल काय करणार? सून ऐकेना. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मीठ मागायला लागलं म्हणून बोलले.

तर त्या राठ फ्लीसला मी गुलाबी पाणी दिलं. एक झाकण, मग वाटलं, जिवाची झोपायची जागा आहे, दोन देऊ. पुन्हा विसळून घेतलं. कुणाला सांगितलं नाही. नात संध्याकाळी कापड नाकाला लावायची आणि म्हणायची, "आजी, ढगासारखं आहे." मला तेवढं पुरत होतं.

तिसऱ्या आठवड्यात घरात वास यायला लागला. गुलाबाच्या खालून दुसरा, तिखट. थोरली जाऊ एक पाय उचलून बसायला लागली. डॉक्टरणीनं तिला उताणी धरून दाखवलं. तळवे लाल झाले होते आणि एका ठिकाणी साल गेलं होतं.

"सतत ओल्यावर उभी आहे ही. कापड बदलता ना वेळेवर?"

"बदलते," नात म्हणाली. "तीन दिवसांनी. आता तर दोन."

"मग इतकी ओल येते कुठून?" सून तिच्याकडे बघून म्हणाली. "शाळेच्या घाईत राहिलं असेल. खरं सांग."

नातीनं मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेतून कळेना.

डॉक्टरणीनं मलम दिलं आणि रविवारी दाखवायला सांगितलं. जखम खोल गेली तर पायावर निभावतं असं नाही, म्हणाली. घरी येताना सून म्हणाली, "रविवारी बरं दिसलं तर ठीक. नाहीतर दुकान. एका मुक्या जिवाचे हाल मी घरात बघणार नाही." आणि मीही, शहाणी, वरून बोलले, "कामात कुचराई करणाऱ्याची आपल्याकडे गय नसते हो."

दुसऱ्या दिवसापासून नात अंधार असतानाच उठायला लागली. पिंजऱ्यात तळहात दाबून बघायची, पुसायची, परत दाबायची.

गुरुवारची दुपार. मशीनची घरघर एकसुरी चाललेली, वाफ पापण्यांवर. मांडीवर नुकतंच वाळलेलं फ्लीस, हातात पाण्याचा पेला. पाणी प्यायले की आधीच डोळा लागला, ते मला सांगता येणार नाही.

मी चादरींच्या मधून चालत होते. दोरीवर चादरी, त्यांच्या पुढे चादरी, आणि त्यांना शेवट नाही. त्या श्वास घेतल्यासारख्या फुगायच्या आणि बसायच्या. मी लहान होत गेले. गवताच्या काड्या बांबूएवढ्या झाल्या. थोरली जाऊ माझ्या शेजारून चालत होती, म्हशीएवढी, ऊबदार, आणि तिचं काळीज माझ्या कानात धडधडत होतं. आम्ही दोघी पांढऱ्या मऊ कापडावर आलो आणि पडलो. काय तो मऊपणा! पण पायाशी मोती होते. गार, गोल, पाण्याचे मोती. मी एकाला ढकललं, तो घरंगळत गेला आणि परत माझ्या तळव्याखाली आला. वर ढगात माझी सासू बसली होती, कॅन वाकडा करून. "अजून मऊ कर गं," ती म्हणत होती, "अजून." गुलाबी पाऊस पडत होता आणि मोती वाढत होते. थोरलीनं माझ्याकडे बघितलं, डोळे उघडे, झोपेतच. आणि सलूनवाल्याच्या आवाजात म्हणाली, "मऊ आहे हो, पण पुसत नाही."

जाग आली तेव्हा पेला कलंडला होता. पाणी फ्लीसवर पडलं होतं आणि अळवाच्या पानावर बसावं तसं बसलं होतं, गोल गोल, टपोरं. मी बोट लावलं. थेंब सरकला. आत गेला नाही.

मी फ्लीस बाजूला ठेवलं. मग उठले. सलूनच्या टॉवेलांच्या थप्पीवर पेल्यातला एक थेंब टाकला. गेला. दिसलासुद्धा नाही. वरून माझा स्वतःचा टॉवेल आणला, त्याला मी अजून गुलाबी पाणी घालते. थेंब बसून राहिला, माझ्याकडे बघत.

चोर मनात लगेच आला, खोटं कशाला बोलू. गुपचूप उकळत्या पाण्यात काढलं, व्हिनेगर घातलं, तर रविवारपर्यंत कापड ताळ्यावर येईल. सुनेला वाटेल, पोरगी सुधारली. कुणाचं काय बिघडलं? मी चारही फ्लीस मशीनमध्ये कोंबली.

तेवढ्यात नात शाळेतून आली. दप्तर पाठीवरच.

"आजी, सोड. तुझे हात दुखतील. मी करते." मग खाली बघून म्हणाली, "मी आता नीट करेन. आधी नीट करत नसणार मी."

नसणार मी! नऊ वर्षांची पोर, तीन आठवडे एक दिवस चुकली नाही, आणि तिला आता स्वतःचंच खरं वाटेना.

मी सुनेला हाक मारली. ती इस्त्रीवर होती.

"काय आई?"

"इस्त्री ठेव खाली."

"चादर जळेल."

"म्हणूनच म्हणते, ठेव." ठेवली तिनं. मी म्हटलं, "पोरीनं कापड वेळेवर बदललं. एकदासुद्धा चुकली नाही. ओल माझ्यामुळे राहिली. मी गुलाबी पाणी घालत होते."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मशीनसुद्धा नेमकं तेव्हाच थांबायचं होतं.

"किती?"

"दोन झाकणं."

"दोन! आई, माझ्या लग्नाच्या चादरीला तुम्ही एकच घातलं होतं."

"तेव्हा तुझी ओळख नव्हती."

नात फिस्सकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. सून हसली नाही. ती वाट बघत होती. कशाची ते मला कळत होतं, आणि कळत असून मी दोनदा पदर सारखा केला.

"आणि तो सलूनवाला," मी म्हटलं. "तोही खरं बोलत होता. तूही."

एवढ्याशा वाक्याला एक वर्ष लागलं. सून जिंकली तर मला टोचून बोलेल अशी माझी खात्री होती; मी तसंच केलं असतं. तिनं फक्त बाह्या वर केल्या.

"उकळतं पाणी, व्हिनेगर, आणि साबण अगदी थोडा. बरोबर?"

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. विचारते."

मग ती नातीपुढे उकिडवी बसली आणि तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं. "मी उगीच बोलले तुला," म्हणाली. नातीनं मान हलवली. ह्या वेळी कळलं.

आम्ही तिघींनी ती कापडं धुतली. पहिल्या धुण्यानंतर नातीनं ड्रॉपरनं थेंब टाकला, बसून राहिला. दुसऱ्या धुण्यानंतर तो जरा पसरला, आळस दिल्यासारखा. तिसऱ्याला हळूच आत उतरला आणि खालच्या जाड कापडात निघून गेला. वर हात लावला तर कोरडं. राठ, आणि कोरडं. खालच्या टॉवेलांनाही तेच पाणी दाखवलं.

रविवारी डॉक्टरणीनं थोरलीला उलटं धरलं, भिंग लावलं. "लाली उतरलीय. साल धरायला लागलंय. असंच कोरडं ठेवा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, मी त्या दिवशी सांगणार होते..."

"सांग ना," मी म्हटलं. "आता ऐकते."

सून मध्येच म्हणाली, "पुढचं मलम कधी न्यायला येऊ?" आणि नातीनं पिंजऱ्याची मूठ घट्ट धरली. महिन्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुपारी वाफ जिना चढून आली. पिंजऱ्यात थोरली जाऊ फ्लीसच्या मधोमध कुशीवर पडली आणि तिनं मागचे दोन्ही पाय लांब केले, मलम लावलेले गुलाबी तळवे आमच्याकडे करून. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धाकटीनं तिच्या गवतात तोंड घातलं, चघळता चघळता थांबली, आणि तिच्या पोटाला टेकली.

"आजी," नात माझ्या कानाशी म्हणाली, "तिनं डोळे मिटले. खरंच मिटले."

मी खुर्चीत मागे टेकले होते, डोळे मिटून. बघायला वळले नाही.

"हळू बोल," मी म्हटलं.