स्वखुशीने

मंगळवारी मेघनाला टोकन मिळालं ते एकोणचाळीस नंबरचं. खिडकीवर अजून बारावा चालू होता. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली, वडिलांची निळी प्लास्टिकची फाइल मांडीवर घेतली आणि पिशवीतून प्रुफं काढली. गिरगावातल्या एका प्रकाशनात ती मुद्रितशोधनाचं काम करत असे. विमा कार्यालयात जायचं त्या दिवशी अर्धी रजा घ्यायची आणि काम सोबत न्यायचं, असं मालकांशी ठरलं होतं.

जूनपासूनची ही तिची सहावी खेप. त्याआधी नोव्हेंबर ते मार्च याच बाकांवर तिचे वडील, कुशाबा घाडी, बसत आले होते. प्रत्येक खेपेच्या टोकनाची चिठ्ठी त्यांनी फाइलमध्ये टाचणीला टोचून ठेवली होती. त्या मोजायचं मेघनाने टाळलं होतं.

कुशाबा लोअर परळच्या एका टॉवरमध्ये साफसफाईच्या कंत्राटदाराकडे अकरा वर्षं सुपरवायझर होते. गेल्या ऑक्टोबरात कंत्राट निम्मं झालं आणि एका संध्याकाळी त्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. पगारातून दर महिन्याला सरकारी कामगार विम्याचा हप्ता कापला जात होता. नोकरी गेली तर तीन महिने अर्धा पगार भत्ता मिळावा, अशी त्या विम्यात सोय होती. कुशाबांनी अर्ज केला. आज या, सोमवारी या, सर्व्हर बंद आहे, कंपनीकडून उत्तर आलेलं नाही, असं करता करता हिवाळा गेला. एप्रिलच्या दोन तारखेला सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. त्यानंतर वारस म्हणून अर्ज आईच्या, शेवंतीच्या, नावावर झाला आणि बाकावरची जागा मेघनाकडे आली.

फाइलमध्ये एक गोष्ट तिला उमगत नव्हती. आखीव कागदाची चार पानं होती. प्रत्येकावर त्यांच्या सुरेख अक्षरात ‘प्रति, माननीय शाखा व्यवस्थापक’ एवढंच लिहिलेलं होतं. पुढे काही नाही. खाली सगळं पान कोरं.

कुशाबांचं अक्षर म्हणजे घोडपदेवच्या त्यांच्या चाळीचं भूषण. जिन्याखालचा फळा तेच लिहीत. पाणी किती वाजता येणार, कुणाचं बारावं कधी, गणपतीची वर्गणी कुठे द्यायची. लोक मजकूर वाचून झाल्यावरही क्षणभर फळ्यापाशी रेंगाळत. शब्दाची वरची रेघ ते जरा आधीपासून ओढायला घेत आणि तिच्या टोकाला बारीकसा आकडा काढत, छत्रीच्या मुठीसारखा. चाळ पाडली, सगळे शीवच्या संक्रमण शिबिरात आले, पण तिथे फळा नव्हता.

दीड वाजता तिचा नंबर आला. खिडकीमागे रघुवीर नावाचे, निवृत्तीला आलेले कारकून होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

“घाडी. हां. कंपनीचं उत्तर आलंय शेवटी. वडिलांनी राजीनामा दिला होता, असं म्हणतात. प्रत जोडली आहे. माणसाने स्वतःहून नोकरी सोडली तर भत्ता लागू होत नाही.”

“त्यांनी सोडली नव्हती. काढलं त्यांना.”

“मॅडम, मला काय वाटतं याला अर्थ नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “मार्चमध्येच कंपनीने तोंडी कळवलं होतं. मी त्यांना इथेच उभं करून विचारलं, घाडी, राजीनामा दिलात का? गप्प. म्हटलं, कुणी जबरदस्तीने लिहून घेतला असेल तर तसं लिहून द्या, मी लावतो फाइलला. म्हणाले, उद्या लिहून आणतो. मग आलेच नाहीत.”

मेघनाने निळ्या फाइलवर हात ठेवला. आत चार कोरी पानं होती.

“आता एकच,” रघुवीर म्हणाले. “कंपनीने कारण बदलून दिलं, की कामावरून कमी केलं, तर लगेच होईल. चाळीस नंबर!”

*

कंत्राटदाराचं ऑफिस दादरला होतं. मनुष्यबळ विभागात हर्षवर्धन नावाचा पस्तिशीचा माणूस बसे. त्याने मेघनाला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“काका म्हणजे आमच्याकडे फॅमिलीच होते, मॅडम. फार शॉकिंग. रीझन बदलायचं ना? सिस्टीममध्ये दोन मिनिटांचं काम आहे.”

“मग दहा महिने का नाही झालं?”

त्याने टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला. “प्रोसेस असते. सोडा ते. शुक्रवारी आईंना घेऊन या, मी तुमच्यासमोर करून देतो. पंधरा दिवसांत पैसे खात्यात. फक्त एक छोटीशी फॉर्मॅलिटी. कंपनीने वेळोवेळी घेतलेल्या कागदांबद्दल घरच्यांची काही तक्रार नाही, असं आईंच्या सहीचं पत्र लागेल. मी टाइप करून ठेवतो.”

“बरं.”

“आणि कसं आहे, काही जुने लोक हल्ली इकडे-तिकडे अर्ज करत फिरतात. त्यांच्यात तुम्ही पडू नका. काकांनाही ते आवडलं नसतं.”

शेवटचं वाक्य मेघनाला खटकलं. पण ती थकली होती. बाहेर पडून फुटपाथवर उभी राहिली तेव्हा तिला प्रथम काय वाटलं असेल तर, सुटलो. आता त्या बाकावर बसायला नको. टोकनाची चिठ्ठी नको.

आईला सांगितलं तेव्हा शेवंतीने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, “पैशाचं नाही गं. इथे शिबिरात बोलतात, घाडींनी चांगली नोकरी सोडली आणि पोरीच्या जिवावर घरी बसले. सरकारच्या कागदावर येऊ दे तरी, की त्यांना काढलं होतं म्हणून. त्यांच्या एवढ्या खेपा फुकट जायला नकोत.”

*

गुरुवारी संध्याकाळी नलूमावशी आली. घोडपदेवला ती त्यांच्या शेजारच्या चाळीत राहायची, आणि कुशाबांनीच तिला टॉवरमध्ये कामाला लावलं होतं. नऊ वर्षं चौदाव्या मजल्याच्या लाद्या तिने पुसल्या होत्या.

“काय गं पुस्तकवाली, बारीक झालीस,” दारातूनच ती म्हणाली. “शेवंती, पोरीला जेवायला घालतेस की नुसती पुस्तकं वाचून पोट भरते ही?”

“तूच विचार तिला. माझं ऐकते कुठे?”

चहा झाल्यावर नलूने पदराखालून घडी केलेला कागद काढला. “मलाही काढलं जूनमध्ये. भत्त्याचा अर्ज केला, तर म्हणतात, बाई, तुम्हीच राजीनामा दिलाय. हे बघ, ही प्रत दिली. काहीतरी लिहून दे ना मला. मला सहीपुरतंच येतं, तुला ठाऊक आहे.”

मेघनाने कागद उलगडला. समोर बाबा होते. आधीपासून ओढायला घेतलेली रेघ, टोकाचा तो बारीक आकडा. चार महिने हे अक्षर तिने नव्याने कुठे पाहिलं नव्हतं. घरातली जुनी किराणा यादीसुद्धा तिने जपून ठेवली होती. क्षणभर तिने मजकूर वाचलाच नाही, नुसती अक्षरं पाहत राहिली.

मग मजकूर वाचला. ‘मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने नोकरी सोडत आहे. माझी कंपनीकडे कोणतीही मागणी नाही.’ खाली नलूची वेडीवाकडी सही. आणि वर कोपऱ्यात, दुसऱ्याच कुणाच्या हाताने, घाईत घातलेली तारीख. चौदा जून.

“मावशी, हे कुणी लिहिलं?”

“तुझ्या बाबांनी.” नलू साधेपणाने म्हणाली. “मी लागले त्या दिवशी. खाली बेसमेंटला, कपडे बदलायच्या खोलीत. म्हणाले, नलू, घाबरू नको, इथे सगळेच देतात. कामाला लागायचं तर आधी सोडल्याचा कागद द्यायचा, अशी रीतच आहे. तारीख कोरी ठेवायची. छापील चालत नाही, हातचाच लागतो. ज्यांना लिहिता येतं ते बघून लिहायचे, आम्हा अडाण्यांचे तुझे बाबा लिहून द्यायचे. बिचारे किती बसून लिहायचे! आमच्यात अशा एकवीस जणी होत्या.”

“पण इथे तारीख चौदा जून आहे.”

“तेव्हाच काढलं ना मला.”

“मावशी, बाबा एप्रिलमध्ये गेले.”

नलूने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. “म्हणजे वरून खाली आले काय गं, माझा राजीनामा लिहायला?” ती हसली, आणि हसता हसताच तिने पदर तोंडावर घेतला.

शेवंती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. दुःखात तिच्या तोंडी गावची बोली येई. “माका म्हायत होता,” ती म्हणाली.

“आई? तुला माहीत होतं?”

“कागद घरी आणायचे कधी कधी. मी विचारलं, हे काय? म्हणाले, नुसती रीत आहे, कुणाचं काय वाईट होणार? स्वतःचाही दिला होता पहिल्याच दिवशी. मग त्यांनाच काढलं, तेव्हा कळलं त्यांना, आपण काय लिहीत होतो ते. रोज सकाळी विमावाल्यांना लिहायचा कागद घेऊन बसायचे. एक ओळ लिहायचे आणि हात थांबायचा.” ती वळली. “काय लिहिणार होते? माझ्यावर जबरदस्ती झाली? मग त्या एकवीस जणी विचारणार नाहीत, आमच्यावर कुणी केली?”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

नलू उठली. “मला लिहून नाही दिलंस तरी चालेल, पोरी. कुशाबादादा वाईट नव्हते. माझ्या पोराच्या आजारपणात त्यांनी माझी हजेरी लावली होती, साहेबाला न सांगता.”

“बसा,” मेघना म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की नलू खरंच बसली.

मुद्रितशोधकाच्या सवयीने तिचं डोकं आता चालू झालं होतं. कागद बाबांच्या अक्षरात होता. तारीख ते गेल्यानंतरची होती. कंपनीला दोनच गोष्टी म्हणता आल्या असत्या. एक तर मेलेल्या माणसाने जूनमध्ये पत्र लिहिलं, नाहीतर कागद नऊ वर्षांपूर्वी कोरी तारीख ठेवून घेतला होता. पण यासाठी कुणीतरी पुढे येऊन सांगायला हवं होतं की हे अक्षर कुशाबा घाडींचं आहे. ते अक्षर ओळखणारी माणसं याच खोलीत होती. हर्षवर्धनला पत्र कशासाठी हवं होतं, तेही आता लख्ख दिसत होतं.

“आई,” ती म्हणाली, “उद्या तू दादरला सही केलीस तर आपलं काम होईल. बाबांचं नाव कुठे येणार नाही. सही केली नाही तर भत्ता अडकेल आणि पुढे सगळे म्हणतील, घाडींनीच गरिबांची गळचेपी केली. अर्ज तुझ्या नावावर आहे. मी तुझ्या वतीने ठरवणार नाही.”

“तेंचा नाव कित्याक चव्हाट्यार?” शेवंती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. कशाला, हे स्वतःलाच विचारत असल्यासारखी बोलली. मग तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि निळी फाइल उघडली. चारपैकी एक पान काढून तिने मेघनापुढे ठेवलं.

“अक्षराचा नमुना लागेल ना त्यांना?”

त्या पानावर, बाबांच्या ‘प्रति, माननीय शाखा व्यवस्थापक’च्या खाली, मेघनाने स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतलं. ‘वरील ओळ माझे वडील कै. कुशाबा घाडी यांच्या हस्ताक्षरात आहे. सोबत जोडलेला राजीनामाही त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. कामाला लावताना असे कोऱ्या तारखेचे कागद घेतले जात. ते माझ्या वडिलांनी लिहिले, आणि स्वतःचाही दिला. त्यांना हे आपल्याला कळवायचं होतं...’ या ओळीवर तिचाही हात थांबला. मग तिने ती पुरी केली.

*

शुक्रवारी त्या दादरला गेल्या नाहीत. तिघी विमा कार्यालयाच्या बाकावर बसल्या. नलूने डब्यातून आणलेली भाकरी तिघींनी तिथेच खाल्ली. हर्षवर्धनचा फोन दोनदा वाजून थांबला.

रघुवीरनी कागद एकदा वाचला, मग नलूची प्रत शेजारी धरून पुन्हा वाचला. मागची रांग कुरकुरत होती.

“वडिलांविरुद्ध लिहून देताय तुम्ही,” ते मेघनाला म्हणाले.

“वडिलांनी सुरू केलेलंच लिहून देतोय.”

“चौकशी लागेल. कंपनी सगळं त्यांच्यावर ढकलेल, ते काही उठून उत्तर द्यायला येणार नाहीत. आणि तुमच्या आईंचा भत्ता तोवर...”

“थांबेल,” शेवंती पुढे होऊन म्हणाली. “आम्हाला थांबायची सवय आहे, साहेब. बाकीच्या वीस जणींनाही सांगितलंय, आपापली प्रत मागून घ्या. येतील त्या.”

रघुवीरनी कागद तिच्यापुढे सरकवून मेघनाच्या सहीखाली अर्जदाराच्या सहीची जागा दाखवली. “विचारावं लागतं म्हणून विचारतो, बाई. कुणाच्या दबावाखाली नाही ना? स्वखुशीने देताय?”

शेवंतीने पेन हातात घेतलं, पण कागदाला टेकवलं नाही.

“होय,” ती म्हणाली. “पण आधी तारीख घाला. आजची. माझ्यासमोर.”

रघुवीरनी ड्रॉवरमधून तारखेचा शिक्का काढला, त्याची चाकं फिरवून आजचा दिवस जुळवला आणि कागदावर दाबून उमटवला. शाई वाळेपर्यंत शेवंती थांबली. मग तिने सही केली.