चुकणारी मुलगी

पुठ्ठ्याच्या घड्याळाचा लहान काटा सैल झाला होता. कुठेही नेऊन ठेवला तरी सुटून सहावर येऊन लोंबायचा, आणि ती पुन्हा तो बोटाने वर सारायची — पुन्हा खाली. तबकडीवरचे आकडे कुणा शिकाऊ मुलीने जीव ओतून रंगवलेले, दोनचं शेपूट जरा जास्तच लांब... मागच्या बाजूला शाळेचा निळा शिक्का, अर्धा उडालेला. तिने घड्याळ पुसलं, त्याला क्रमांक दिला आणि तरीही पेटीत ठेवलं नाही.

अध्यापक विद्यालयाच्या तळमजल्यावरच्या या खोलीत ती जुना संग्रह सांभाळत होती. आवारापलीकडची सराव शाळा पट घसरत घसरत बंद पडली, तेव्हा तिथलं सगळं इथे आलं — तक्ते, नकाशे, मातीची फळं, बुबुळ बाहेर काढता येणारा लाकडी डोळा. "वस्तू झाल्या, आता माणसं," प्राचार्य म्हणाले होते. "जुन्या लोकांना बोलतं करा, ध्वनिमुद्रण करून ठेवा." म्हणून आज पाठाच्या बाई यायच्या होत्या. शिकाऊ मुलींना शिकवायला शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या मुली सराव शाळेतल्या पोरांवर पाठ घ्यायच्या आणि बाई मागच्या बाकावर बसून बघायच्या.

त्या पोरांतली एक ती.

आणि ती चुकणारी. हा तिचा हुकमी किस्सा होता, चार माणसं जमली की नवराच म्हणायचा, "अगं, ते चुकायचं सांग ना." मग ती सांगायची — पाठ रंगायचा तर कुणीतरी चुकायला हवं, नाहीतर शिकाऊ बाई सुधारणार काय? म्हणून पाठाच्या बाई आधी येऊन तिच्याजवळ वाकायच्या, खडूचा वास यायचा, आणि कानात म्हणायच्या, 'तू चुकीचं सांग हं.' "थोडक्यात, मी लहानपणी चुकायची नोकरी करायचे, बिनपगारी!" सगळे हसायचे. तीही हसायची. पण त्या हसण्याच्या तळाशी एक जागा होती, तिथे ती एकटीच जायची. शिक्षिका होण्याच्या परीक्षेतून ती अर्ध्यातच उठून आली तेव्हा, वडिलांच्या दुखण्याचा अंदाज चुकला आणि फार उशिरा डॉक्टरांकडे नेलं तेव्हा, भावाने सगळ्यांदेखत 'तुला काही म्हणजे काही कळत नाही' म्हटलं तेव्हा — ती तिथे जाऊन बसायची. मला येतंय. मला कुणीतरी सांगितलंय म्हणून मी चुकतेय... आणि जीव थोडा थाऱ्यावर यायचा.

बाई आल्या. काठी टेकत, सुनेचा हात झटकून. "येतं गं मला चालता. तू जा, तासाभराने ये."

यंत्रावर लाल ठिपका लागला. बाई बोलू लागल्या आणि बोलतच राहिल्या. कुठल्या मुलीला फळ्याकडे पाठ करून लिहिता यायचं, कोण पाठाआधी मोरीत जाऊन रडायची, मंजुरीसाठी आलेले साहेब पाठ चालू असताना कसे घोरले... एक धागा सुटत नव्हता. मातीचा आंबा बघून म्हणाल्या, "हा पेरू होता. रंगवताना आंबा झाला."

ती हसली. तेवढ्यात तिने विचारून टाकलं. सहज विचारल्यासारखं.

"बाई, मी तुमच्याच शाळेतली. पुढच्या बाकावर बसायचे. तुम्ही मला चुकीचं उत्तर द्यायला सांगायचात, आठवतं?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्या लाल ठिपक्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"दोन वेण्या. डावीकडची कायम सुटलेली," बाई म्हणाल्या. "तूच ना ती?"

"हो!"

"अगं, पण मी कशाला सांगेन असं? पोराला खोटं शिकवायचं? मुलींना मी बजावायचे, वर्गात खरं चुकणारं मूल शोधा, त्याच्याशी बोला. तू खरीच चुकायचीस, बाळा. म्हणून तर तुला पुढे बसवलं होतं."

"तुम्ही वाकून कानात..."

"वाकायचे की. घाबरू नको म्हणायचे."

मग बाईंनी पाणी मागितलं. पुढे त्या वसतिगृहाच्या खानावळीबद्दल बोलत राहिल्या. ती मान डोलावत होती. सून आली, बाई उठल्या, जाताना तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "छान काम करतेस हो."

तिने कानाला यंत्र लावून तेवढा तुकडा ऐकला. पुन्हा ऐकला. उत्तराआधी बाई थांबल्या होत्या, ते ऐकू येत होतं. त्या ठिपक्याकडे बघत थांबल्या होत्या, ते ऐकू येत नव्हतं. खोटं बोलल्या का? सगळं ध्वनिमुद्रित होतंय म्हणून? की माझ्याच मनाने ते शब्द कुठूनतरी आणून त्यांच्या तोंडी बसवले, आणि इतकी वर्षं...

किल्ली घेऊन ती आवार ओलांडून सराव शाळेत गेली. वर्गात अजून चार-दोन बाकं होती, कुणी न नेलेली. शिपाई दारातून डोकावला. "मॅडम, काही राहिलंय का इथलं न्यायचं?"

"नाही. बघतेय नुसतं."

तो गेला. ती पुढच्या बाकावर अंग चोरून कशीबशी मावली. डोळे मिटले. एरवी ती कुजबुज न बोलावता यायची. आज तिने बोलावलं तर तिच्याच आवाजात आली, तिनेच तिच्या कानात म्हटल्यासारखी, आणि लगेच विरली. मागे कुणी नव्हतं. जवळ कुणी वाकलेलं नव्हतं. एक लहान मुलगी फळ्याकडे टक लावून बघत होती, प्रश्न विचारलेला होता, आणि उत्तर तिला खरोखरच येत नव्हतं. ते न येणं इतकं जुनं, इतकं ओळखीचं, की हे आपण विसरलो तरी कसे...

आणि तरी त्या पोरीने हात वर केलेला होता. तो खाली घे, असं तिला सांगावंसं वाटलं. पण ती नुसती त्या हाताकडे बघत राहिली.