मानेचं मशीन

आमच्या घरचं कुठलंही पार्सल घरी येत नाही, दुकानावर येतं. अहमदपूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे, कुरिअरवाल्याला तेच सोपं पडतं. आणि दुकानावर आलेलं पार्सल गादीवरच फुटतं, मग त्यात मुलीची पुस्तकं असोत की माझे आतले कपडे. एकदा तसं झालंही होतं. मल्लिनाथनं कामगारांपुढं खोकं उघडलं आणि घरी येऊन मलाच म्हणाला, "असलं कशाला मागवतीस?" माझा नवरा असा. म्हणून ही वस्तू मी नांदेडच्या पत्त्यावर मागवली, पुनमच्या.

पुनम माझी कॉलेजातली मैत्रीण. नांदेडलाच, विष्णुपुरीला, आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तेव्हा तिच्याकडं उतरले होते. चहा पिता पिता तिनं सरळ विचारलं, "शिवानी, नवऱ्याजवळ तुला कधी सुख लागतंय का गं?" मी म्हटलं, "कसलं सुख?" ती हसली नाही, आणि मग मला रडू आलं. मुलगी शाळेत जायला लागली तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

तिनं मोबाईलवर एक दुकान उघडून दिलं. बायकांनी वापरायच्या, नवरा-बायकोनं मिळून वापरायच्या छोट्या मशिनी होत्या. आधी लाजले, मग निवडायला बसले. साडी घेतानाही मी इतकी चोखंदळ नसते. मोठी नको, तो स्वतःला तिच्याशी मापून बघेल. लालभडक नको, त्याला ती वाईट चालीच्या बाईची वाटेल. पुरुषासारखा आकार तर नकोच नको. आवाज मोठा नको, भिंतीपलीकडं सासूबाई झोपतात. शेवटी नदीतल्या गोट्यासारखी, राखाडी, मुठीत मावणारी एक घेतली. नवख्या जोडप्यांसाठी आहे, असं खाली लिहिलं होतं.

"ते सगळं ठीक हाय," पुनम म्हणाली, "पण तुला कोणती आवडली?"

जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या सुखासाठी काही घेत होते, आणि त्यातही त्याच्याच मनाचं माप काढत बसले होते.

पुनमकडून वस्तू हातात आल्यावर दुकानाच्या सुट्टीची दुपार धरली. मुलगी शिकवणीला, सासूबाई मठात. मल्लिनाथनं ती हातात घेतली, गिऱ्हाइकानं परत आणलेल्या तांब्यासारखी उलटीपालटी केली, टिचकी मारून बघितली. मी सांगितलं कशाची आहे ते.

"म्हंजी मी कमी पडून राहिलो का?"

"तसं न्हाई हो. तुमचं होतं आन् तुम्ही झोपता. मी जागीच राहते. दोघांनी मिळून वापरायची हाय ही, तुमच्याच हातात राहील."

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. वस्तू माझ्या हातात परत देत म्हणाला, "बघू. दसरा होऊ दे, गर्दी सरू दे."

बघू म्हणाला! माझ्यासारख्या खुळीला तेवढं पुष्कळ झालं. सगळं नवरात्र मी नव्या नवरीसारखी घरात हिंडत होते. त्याच्या आवडीची धपाटी केली, उगाच गजरा माळला. वस्तू मी मुद्दाम त्याच्या दाढीच्या मशीनशेजारी खणात ठेवली, रोज सकाळी त्याच्या नजरेला पडावी म्हणून.

तिथंच माझं चुकलं. खंडेनवमीला आमच्याकडं कामाची प्रत्येक वस्तू पूजेला लागते. दुकानातला तराजू, कातर, विळी, शिलाई मशीन, मिक्सर, मुलीचा कंपास. एखादं यंत्र पूजेविना राहिलं तर ते वर्षभर रुसून बसतं, असं सासूबाई मानतात. मी पुरण वाटत होते तेवढ्यात त्या आमच्या खोलीत गेल्या, दाढीचं मशीन काढलं आणि शेजारचंही काढलं. नैवेद्याचं ताट घेऊन मी बाहेर आले, तर पाटावर तराजू आणि मिक्सरच्या मधोमध ती बसलेली. अंगावर विभूतीचे तीन पट्टे, वर झेंडूचं फूल.

पूजेला आलेले जंगमस्वामी मंत्र म्हणत होते. चुलतसासरे गुरुपादप्पा वाकून बघायला लागले. "वैनी, हे कशाचं यंत्र हाय?"

"मला बी ठावं न्हाई. मल्लिनाथच्या खणात होतं." सासूबाई त्याच्याकडं वळल्या. "काय रे हे?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. मीही बघितलं. एक वाक्य लागत होतं फक्त. माझं हाय, पाठीला लावतो, विषय संपला. खोटं बोलणं त्याला काही जड नाही, गिऱ्हाइकाशी रोज बोलतो.

"मला काय म्हाईत? हिनंच आणलंय नांदेडहून," तो म्हणाला. "हिलाच इचारा."

स्वामींचा मंत्र थांबला. माझे कान तापले. ताट त्याच्या अंगावर फेकावं असं वाटलं. पण ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "मानेचं मशीन हाय. दुखते माझी. खाली घालून घालून."

ते कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. स्वामींनी त्या मशीनवर बेल वाहिला आणि पुढचा मंत्र घेतला.

"मग माझ्या गुडघ्याला चालंल का गं?" सासूबाईंनी विचारलं.

काय म्हणणार? चालतं म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मी त्याला खोलीत गाठलं. "एक शब्द टाकला असता तर काय झालं असतं?"

"चार माणसांत माझी इज्जत जात होती," तो म्हणाला. "झालं ते बरं झालं. आईच्या उपयोगाला आलं."

दसरा झाला, गर्दी सरली, दिवाळीही झाली. त्यानं विषय काढला नाही, मीही काढला नाही.

आता रोज संध्याकाळी सासूबाई टीव्हीपुढं पाय पसरून बसतात आणि ते गुडघ्यावर धरतात. परवा मला म्हणाल्या, "लई बरं वाटतं गं. तुझे सासरे होते तोवर, 'उमा, तुझं कुठं दुखतं,' असं एकदा बी इचारलं न्हाई त्यांनी." त्यांच्यावर मला रागावता येत नाही. त्यांचीही जिंदगी तशीच गेली.

मल्लिनाथ दुकानातून आला की आधी मशीन बघतो. स्वतः पुसतो, स्वतः चार्जिंगला लावतो, दिवा हिरवा झाला की आठवणीनं आईच्या हातात देतो. काल तर तिच्या पायाशी बसून त्यानंच ते धरलं होतं. मी आत भाकरी थापत होते. ती घुरघुर बारीक आहे, मीच तशी निवडलेली, पण ऐकू येते.

"हितं दुखतं का?" तो विचारत होता. "जोरात करू का हळू? आता बरं वाटून राहिलं का?"

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी उभी राहिले. इतकी वर्षं मी समजत होते, त्याला विचारता येत नाही.