पंचफुलाबाईची मिसरी

उकिरड्याच्या कडेला काळी थुंकी.

पितळेची डबी, झाकण घट्ट.

चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत नऊ वर्षं. दिवा, टोपलं आणि नाकातोंडात भुकटी.

साखरा गावात, मेंढरांच्या वाड्याला लागून असलेल्या घरात, चुलीजवळ एक माणूस झोपेल एवढी जागा.

ती जागा लिंबाजीची. ती राहते की जाते, एवढंच त्या सकाळी ठरायचं होतं. साल एकेचाळीस.

खाणीवरून तो आला तो छातीत भाता घेऊनच. दोन पावलं टाकली की धाप, खोकला की काळं पडे. धूळ बसलीय, निघणार नाही, पण कुणाला लागणारही नाही, असं खाणीवरच्या कंपाउंडरनं सांगितलं होतं. गावाला हे कोण पटवणार? गावात खोकला म्हणजे क्षय, आणि क्षयाच्या माणसाला शिवेवरची खोप.

माणिकराव पाटील अंगणात येऊन उभे राहिले. मागं कोतवाल. लिंबाजी कुडामागं घोंगडीचा कोपरा तोंडात कोंबून बसला.

"दगडोबा हाय का?"

"मेंढरांमागं गेले. काहून, पाटील?" दगडोबाची बायको, लिंबाजीची भावजय पंचफुलाबाई म्हणाली.

"तुझा दीर काळं थुकून राहिला म्हणं. गावात रोग नको. खोपीत नेऊन ठेवा त्याला."

"अगं बाई, ती थुंकी व्हय? ती माझी हाय. मिसरीची."

"तू कवापासून मिसरी लावाय लागली?"

"तुमच्या घरी नर्मदाबाई दिसभर थुकतात, ते काय दूध हाय?"

कोतवालाला हसू फुटलं. पाटलांना नाही.

"लाव बरं माझ्यासमोर."

तिनं कमरेची डबी काढली, चिमूट घेतली आणि दातांवर घासली. नेमका तेव्हाच लिंबाजीचा खोकला घोंगडीला जुमानेना. पण त्याच्याही वर पंचफुलाबाईचा ठसका उसळला. दोन्ही खोकले एकमेकांत असे मिसळले की कुणाचा कुठला ते कळेना. डोळे पुसत ती उकिरड्याकडं वळली आणि थुंकली. काळं.

"लई कडक दिसती," पाटील दोन पावलं मागं सरले.

"हिंगोलीच्या बाजारची हाय. देऊ का चिमूटभर नर्मदाबाईला?"

पाटील गेले.

"वैनी..." लिंबाजी म्हणाला. पुढच्या शब्दाला दम पुरला नाही.

"बोलू नका, भावजी. चहा घ्या." आपल्याच कपातला अर्धा तिनं त्याच्या बशीत ओतला.

त्या चुलीजवळ तो आणखी चार वर्षं जगला. रोज सकाळी उकिरड्यापाशी आधी तो थुंके, मग त्याच जागी ती. दिवसा तो लिंबाच्या सावलीत चातीवर लोकर काती, एका श्वासाला वीतभर. त्या सुताची घोंगडी विणून आली तेव्हा त्यानं ती वहिनीच्या पायांवर पांघरली आणि हात जोडले. हात जोडायला दम लागत नव्हता.

पंचफुलाबाईला लहानपणापासून मिसरीच्या नुसत्या वासानं ओकारी यायची.