मोठ्या ग्रहाजवळची पावले

मित्रांनो, मी आकडेमोडीचे एक जुने यंत्र आहे. पोटात पितळी दातांची चाके, बाजूला मूठ. आकडे लावून मूठ फिरवली की गुणाकार तयार. कारखान्यातून मी थेट एका गणितज्ञाच्या टेबलावर आले. धूमकेतू कोणत्या वाटेने परत येईल, हे ते कागदावर शोधत. सारे त्यांना सर म्हणत. आखणी सरांची असे आणि मूठ त्यांची भाची फिरवत असे.

धूमकेतूची वाट एका दमात निघत नाही. थोड्या थोड्या दिवसांची पावले टाकत, दर पावलाला सूर्याची आणि ग्रहांची ओढ मोजत जावे लागते. सर भाचीला बजावत, "मोठा ग्रह जवळ आला की पावलं लहान कर. तिथं ओढ झपाट्यानं बदलते."

एका वर्षी धूमकेतू आम्ही सांगितलेल्या जागी दिसलाच नाही. वेधशाळेचे प्रमुख चार सहकाऱ्यांना घेऊन आमच्या खोलीत आले.

"काय सर, तुमचा पाहुणा पत्ता विसरला वाटतं!"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हे धूड झिजलंय हो. दात घसरतात याचे."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरेच घसरले असतील, असे मलाही वाटले.

प्रमुखांनी मिस्त्रीला बोलावले. त्याने मला उघडून चाक न् चाक तपासले. "याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे!"

मी सुटले. पण प्रमुखांची नजर भाचीकडे वळली. "मग हात चुकला असणार. तुमच्या नेमणुकीचं नंतर बघू."

वेधशाळेतल्या त्या नोकरीवर तिची सारी भिस्त होती. सर खिडकीबाहेर बघत राहिले. आपण धडधाकट निघालो, याचीच मला लाज वाटली.

भाचीने जुने कागद काढले. ती सगळी आकडेमोड पुन्हा करायला बसली. गुणाकार एकूण एक बरोबर आले. मग तिने आखणीचा कागद पुढे ओढला.

"मामा, गुरू ग्रहाजवळ पावलं लांबच ठेवलीत तुम्ही."

धूमकेतूची वाट छापायला देण्याच्या घाईत सर स्वतःचाच नियम विसरले होते. त्यांची मान खाली गेली. "माझं चुकलं गं," ते पुटपुटले.

"यंत्राला नावं ठेवलीत चारचौघांत, आणि माफी दार लावून?"

सर उठले. मग त्यांनी दार उघडून प्रमुखांना आणि त्याच चौघांना बोलावले. त्यांचे कान लाल झाले होते.

"यंत्र ठीक आहे. पोरीचा हातही ठीक आहे. चूक माझी होती. ती मी यंत्राच्या माथी मारली, आणि मग पोरीच्या माथी जाऊ दिली."

या वेळी कोणी हसले नाही. भाचीला नोकरी मिळाली. सर मात्र पुढे माझ्याशी नजर चुकवूनच वागले.

आता ती कामे संगणक करतात. मी कपाटावर धूळ खात आहे. मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, त्यांची धूळ पुसा. पण बोट दाखवण्याआधी आपली आखणी तपासा. आम्हाला उलट बोलता येत नाही; आणि आमच्यावरून घसरलेला आळ कोणाच्या डोक्यावर जाऊन बसेल, याचा नेम नसतो.